न पाहिलेली स्थळे
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वधूवर समितीच्या वतीने चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, तेव्हा वर्षभरात किती स्थळे नोंदली गेली, किती जुळली, मेळाव्यास किती मंडळी आली, याचा आढावा आम्ही द्यावा अशी आपली अपेक्षा असणार. तो आढावा अहवालात छापला आहे. आपण तो घरी सवडीने वाचालच. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते आपल्या नोंदवहीत नसलेल्या स्थळांविषयी. ही स्थळे कोणी डोळ्यांनी पाहिलेली नसतात, आणि काही वेळा तर ती अस्तित्वातच नसतात.

गेल्या काही वर्षांत समितीकडे येणाऱ्या पालकांत एक निराळा वर्ग दिसू लागला आहे. हे पालक स्थळ विचारावयास येत नाहीत. खोलीचे दार लोटून घेतात, आवाज खाली आणतात, आणि 'आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात असे घडले' अशी सुरुवात करतात. ते ओळखीचे कुटुंब बहुधा समोरच बसलेले असते, हे आता समितीच्या सभासदांस समजू लागले आहे. त्यांपैकी कोणाचे नाव, गाव वा ओळख पटेल असा तपशील आम्ही येथे देणार नाही. परंतु ज्या संस्थेपाशी माणसे विश्वासाने आपले दुःख आणून ठेवतात, त्या संस्थेने वर्षातून एकदा तरी ते दुःख उघड्या सभेत बोलून दाखवावे, असे आमचे मत झाले आहे.

लग्नाच्या बाजारातील फसवणूक ही काही संगणकाने जन्मास घातलेली नव्हे. देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आले. जरठ श्रीमंतास कोवळी वधू मिळवून देणारा मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित आणि मुलीच्या मोबदल्यात द्रव्याची आशा धरणारा कांचनभट त्या काळच्या प्रेक्षकांस परके वाटले नाहीत, याचे कारण असे मध्यस्थ आणि असे बाप त्यांच्या आळीतच राहत होते. ते लग्न शेवटी मोडते ते वधूवर सगोत्र निघाल्यामुळे. म्हणजे आधी करावयाची चौकशी मांडवात झाली म्हणून. तारायंत्राच्या काळातही हाच प्रकार होता. एला थेअर या अमेरिकन लेखिकेने १८७९ च्या सुमारास 'वायर्ड लव्ह' नावाची कादंबरी लिहिली. त्यात तारखात्यातील एक मुलगी तारेच्या दुसऱ्या टोकावरील अज्ञात सहकाऱ्याशी टकटकीच्या लिपीत बोलता बोलता त्याच्यात गुंतते, आणि पुढे एक भलताच मनुष्य 'तो मीच' म्हणून दारात येऊन उभा राहतो. तार बदलली, यंत्र बदलले; दारात उभा राहणारा मनुष्य मात्र तोच आहे.

मग नवे काय आहे? आमच्या समजुतीप्रमाणे नवे आहे ते चौकशीचे स्थान. पूर्वी स्थळ आले की प्रथम चौकशी होई. मुलगा कोणाचा, मूळ गाव कोणते, आजोळ कुठले, चुलता काय करतो, हे प्रश्न आजच्या तरुणांस कंटाळवाणे वाटतात, आणि त्यांत पुष्कळसा जातीचा आणि पैशाचा अहंकारही मिसळलेला असे, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि त्या प्रश्नांचा एक उपयोग होता. एका माणसाची साक्ष चार माणसांकडून निघे, आणि ती चार माणसे एकमेकांशी ठरवून बोलत नसत. खोटे बोलणाऱ्यास एकटे खोटे बोलून भागत नसे. सारे गाव खोटे बोलावे लागे. चौकशी पुरी होईपर्यंत मुलाचे वा मुलीचे मन त्यात पडलेले नसे. आता क्रम उलटा झाला आहे. प्रथम मन गुंतते, महिनोन्‌महिने रात्रंदिवस संदेश चालतात, आणि चौकशीचा विषय निघतो तेव्हा ती चौकशी म्हणजे प्रिय माणसावर घेतलेला संशय वाटू लागते. ज्याच्यावर विश्वास बसला त्याची चौकशी करणे हे भल्या माणसास जड जाते, आणि नेमक्या याच भलेपणावर ठकाचा धंदा चालतो.

असे मन इतक्या लवकर का गुंतते, याचाही अभ्यास झालेला आहे. जोसेफ वॉल्थर या अमेरिकन प्राध्यापकाने १९९६ साली असे मांडले की, केवळ लिहून बोलणाऱ्या दोन माणसांत कधी कधी प्रत्यक्ष भेटीतल्यापेक्षाही अधिक जवळीक निर्माण होते. लिहिणारा विचार करून, निवडून, आपली उजळ बाजू तेवढी पुढे ठेवतो. वाचणारा उरलेल्या रिकाम्या जागा आपल्या मनातील चांगुलपणाने भरून काढतो. समोर माणूस असला की त्याचा घामेजलेला सदरा, वेटरवर काढलेला आवाज, सारे दिसते. पत्रात ते दिसत नाही. तेव्हा जिच्यावर आपली मुले प्रेम करीत असतात त्या मूर्तीचा अर्धा भाग त्यांनी स्वतःच घडविलेला असतो. म्हणूनच ती मोडल्यावर त्यांस इतके लागते. 'पाहिलेसुद्धा नाही अशा माणसासाठी एवढे रडायचे काय?' हा प्रश्न आपण घराघरांतून ऐकतो. तो विचारणाऱ्यांस या गोष्टीचे मर्म कळलेले नसते.

येथे एक हकीकत थोडी विस्ताराने सांगावीशी वाटते. ती अमेरिकेतील असून सर्वत्र प्रसिद्ध झालेली आहे. नोटर डेम विद्यापीठाचा मॅन्टाय टेओ हा तरुण २०१२ साली तिकडच्या फुटबॉलमधील नामांकित खेळाडू होता. त्या वर्षीच्या हाइजमन पारितोषिकासाठी झालेल्या मतदानात तो दुसरा आला. लेने केकुआ नावाच्या मुलीशी त्याचा दूरध्वनीवरून आणि संदेशांवरून दीर्घ काळ स्नेह होता. तिला रक्ताचा कर्करोग झाल्याचे त्यास कळले. सप्टेंबर २०१२ मध्ये त्याची आजी वारली, आणि त्याच दिवशी ही मुलगीही गेल्याची वार्ता त्यास देण्यात आली. तो त्या आठवड्यात मैदानात उतरला. साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांनी त्याच्या दुःखाची आणि धैर्याची कहाणी छापली. डिसेंबरात त्यास तिच्याच आवाजात फोन आला की, मी जिवंत आहे. जानेवारी २०१३ मध्ये 'डेडस्पिन' या संकेतस्थळाने शोध घेऊन जाहीर केले की, लेने केकुआ नावाची मुलगी कधी जन्मलीच नव्हती. छायाचित्रे एका भलत्याच मुलीची होती, आणि तिला यातले काहीच ठाऊक नव्हते. फोनवरचा आवाज एका परिचित व्यक्तीने बदलून काढलेला होता.

या हकीकतीत पैसा कोठेच नाही, ही पहिली लक्षात घेण्याजोगी गोष्ट. त्याच्याकडून कोणी खंडणी घेतली नाही. फसवणूक म्हणजे पैशाची फसवणूक असे आपण धरून चालतो. ती कधी कधी एकाकीपणातून, कधी स्वतःची ओळख नकोशी झाल्यामुळेही केली जाते. दुसरी गोष्ट आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेने विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. फसविणारी व्यक्ती आणि फसलेला तरुण दोघेही सामोआन वंशाचे. धर्मनिष्ठ कुटुंबे, सारख्या चालीरीती, बोलण्यातील ओळखीच्या खुणा यांमुळे संशयास वावच राहिला नाही. तिसरी गोष्ट सर्वांत दुःखाची. त्या मुलाने आपल्या वडिलांस सांगितले होते की, मी तिला प्रत्यक्ष भेटलो आहे. कधीही न भेटलेल्या मुलीवर आपले मन जडले आहे हे बापास सांगावयाची त्यास लाज वाटली. पुढे सत्य बाहेर आले तेव्हा देश हसला तो त्या मुलास. फसविणाऱ्यापेक्षा फसलेल्याचीच थट्टा अधिक दिवस चालली.

आता पैशासाठी चालणाऱ्या प्रकारांकडे वळू. अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे २०२२ या एका वर्षात जवळजवळ ७०,००० लोकांनी प्रेमाच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीच्या तक्रारी केल्या, आणि त्यांत गेलेली रक्कम १३० कोटी डॉलर होती. तक्रार न करणाऱ्यांची गणती यात नाही. आपल्याकडे सर्वांत रुळलेला प्रकार पार्सलाचा. विवाहाच्या वा मैत्रीच्या संकेतस्थळावर परदेशस्थ डॉक्टर, समुद्रातील तेलविहिरीवरचा अभियंता किंवा शांतिसेनेतील लष्करी अधिकारी भेटतो. हे व्यवसाय सहजासहजी निवडलेले नसतात. भेटता का येत नाही, आवाज का तुटतो, पैसे बँकेतून का काढता येत नाहीत, या साऱ्या प्रश्नांची उत्तरे त्या व्यवसायातच तयार असतात. तो बहुधा विधुर असतो आणि त्यास एक लहान मुलगी असते. ती मुलगी आपल्या भगिनीस 'आई' म्हणू लागते. मग वाढदिवसाच्या निमित्ताने तो दागिने, घड्याळ, परकीय चलन असे भरलेले पार्सल पाठवितो. चार दिवसांनी दिल्लीहून किंवा मुंबईहून सीमाशुल्क खात्याच्या अधिकारीणबाईंचा फोन येतो की, पार्सल अडकले आहे, अमुक हजार भरा. ते भरले की दंड, दंड भरला की चलन बदलण्याचा कर, तो भरला की पोलिसी कारवाईची धमकी. प्रेमाने सुरू झालेला व्यवहार भीतीने पुढे चालतो. पहिली रक्कम लहान असते आणि पुढची प्रत्येक रक्कम आधीची वाचविण्यासाठी भरली जाते, हे त्यातील कसब.

येथे एक व्यवहारोपयोगी माहिती सांगून ठेवतो. सीमाशुल्क खाते कोणाच्या खासगी बँक खात्यात शुल्क भरावयास सांगत नाही, आणि त्या खात्याच्या पत्रांवर २०१९ च्या नोव्हेंबरपासून एक दस्तऐवज क्रमांक असतो. तो खरा की खोटा हे खात्याच्या संकेतस्थळावर तपासून पाहता येते. फोनवरच्या आवाजास हा क्रमांक विचारावा. बहुतेक आवाज तेथेच बंद पडतात.

दुसरा प्रकार याहून सावकाशीचा आणि म्हणूनच अधिक घातक आहे. त्यात पैसे मागत नाहीत. उलट चांगली नोकरी असलेली, सुशिक्षित, नम्र अशी व्यक्ती महिना दोन महिने केवळ विचारपूस करते. जेवण झाले का, आईची तब्येत कशी आहे, एवढेच. मग एकदा सहज बोलण्यात निघते की, तिचा मामा गुंतवणुकीतला जाणकार आहे, किंवा कूटचलनाच्या व्यवहारात तिला बरे पैसे मिळतात. आपल्या भावी संसारासाठी तुम्हीही थोडे घाला. घातलेले थोडे पैसे खरोखर वाढून परत येतात. मग मनुष्य भविष्यनिर्वाह निधी काढतो, घर गहाण ठेवतो, आणि पडद्यावर कोटीचा आकडा दिसत असताना एक दिवस ते पानच उघडेनासे होते. डुकरास चारून, पोसून, मग कापावे, या अर्थाचे नाव चिनी ठकांनी या धंद्यास दिले आहे.

आणि या धंद्याच्या दुसऱ्या टोकास कोण बसले आहे, हे समजले तेव्हा आम्हांस काही काळ बोलणे सुचेना. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसे सक्तीने अशा ऑनलाइन ठकबाजीस जुंपली गेली असावीत, असा अंदाज दिला आहे. नोकरीच्या जाहिराती वाचून गेलेले, पारपत्र काढून घेतलेले, तारांच्या कुंपणाआड मारहाणीच्या भयाने प्रेमपत्रे लिहिणारे हे तरुण. त्यांत भारतीयही होते. मार्च २०२५ मध्ये थायलंडच्या सीमेवरील माए सोत येथून हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून अधिक भारतीयांस परत आणण्यात आले. तेव्हा एखाद्या आईच्या मुलीस लिहिलेले ते गोड गोड संदेश दुसऱ्या एखाद्या आईच्या कोंडलेल्या मुलाने लिहिलेले असू शकतात. परदेशातील नोकरीचा दलाल आणि परदेशातील नवरामुलगा या दोघांचीही चौकशी सारख्याच कसोशीने करावयास हवी, असे आम्हांस वाटते ते यासाठी.

कोणी म्हणेल, चेहरा पाहून बोलावे म्हणजे झाले. दुर्दैवाने तेवढ्याने आता भागत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये हाँगकाँगच्या पोलिसांनी २७ जणांस अटक केली. संगणकाने घडविलेले खोटे चेहरे वापरून, प्रसंगी व्हिडिओ कॉलवरही सुंदर स्त्री म्हणून बोलून, त्यांनी निरनिराळ्या देशांतील पुरुषांस सुमारे ४ कोटी ६० लाख डॉलरांस बुडविले, असा त्यांच्यावर आरोप होता. पुरुष फसत नाहीत, हा आपल्यातील एक जुना समज या निमित्ताने सुटला तर बरे. आमच्या समितीकडे दार लोटून आलेल्यांत मुलांचे बाप कमी नाहीत. फक्त ते अधिक उशिरा येतात.

परंतु बंधूंनो, खोटी ओळख ही सदैव परकाच मनुष्य घेऊन येतो काय? या प्रश्नाशी आल्यावर काही मंडळी अस्वस्थ होतील. तरी बोलणे भाग आहे. नोंदणीच्या अर्जात वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात जो आकडा असतो, त्यात पुढच्या वर्षीच्या बढतीचाही समावेश केलेला असतो. मुलीचे छायाचित्र पाच वर्षांपूर्वीचे असते आणि मुलाच्या डोक्यावरचे केसही तितकेच जुने असतात. घटस्फोट 'साखरपुडा मोडला' या नावाने लिहिला जातो. दीर्घ आजार लिहिलाच जात नाही. आणि अलीकडचा एक प्रकार तर असा की, मुलीच्या नावाने संकेतस्थळावरील खाते आईच चालविते. आलेल्या मुलांशी आवडीनिवडी, वाचन, प्रवास यांवर मुलीच्या नावाने तीच लिहिते, आणि स्थळ पक्के होत आले म्हणजे मुलीस दोन ओळींत कळविते. हेतू मायेचा असतो, यात शंका नाही. परंतु तो मुलगा ज्या मुलीशी बोलत होता ती मुलगी अस्तित्वात नव्हती, हेही तितकेच खरे. लेने केकुआचेच हे घरगुती रूप.

या गोष्टी कायद्यासही मान्य नाहीत. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे, दुसऱ्या पक्षाविषयीच्या एखाद्या महत्त्वाच्या बाबीसंबंधी कपट करून संमती मिळविली असेल तर तो विवाह न्यायालयाकडून रद्द करून घेता येतो. मात्र कपट उघडकीस आल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे, आणि कपट कळल्यावर आपखुशीने एकत्र नांदत राहिल्यास तो हक्क राहत नाही. 'जरा वाट पाहू, सुधारेल' म्हणता म्हणता ते वर्ष निघून जाते, आणि त्यास बहुधा घरच्या वडीलधाऱ्यांचा सल्लाच कारण होतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तोतयेगिरी करून ठकविणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत, आणि पहिला विवाह लपवून दुसरा करणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ डी हे कलम लागते. विवाहजुळणीच्या संकेतस्थळांनी नोंदणी करणाऱ्याची ओळखपत्रे घ्यावीत, त्यांच्या संगणकाचा पत्ता जपून ठेवावा, तक्रारींसाठी अधिकारी नेमावा, अशा सूचना केंद्र सरकारने जून २०१६ मध्येच दिल्या आहेत. तथापि ओळखपत्र पाहिले म्हणजे माणूस पाहिला असे होत नाही. ओळखपत्रावर नाव असते. घरात बायको आहे की नाही हे त्यावर लिहिलेले नसते.

येथवर आम्ही जगाचे बोललो. आता आपल्या घरचे बोलतो, आणि भाषणाचा खरा हेतू हाच आहे. आपली वधूवर पुस्तिका आपण उघडून पाहावी. तीत प्रत्येक उमेदवाराचे पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, छायाचित्र, शिक्षण, नोकरीचे ठिकाण, उत्पन्न, वडिलांचे आणि मामांचे नाव, मूळ गाव, कुलदैवत, घरचा पत्ता आणि भ्रमणध्वनीचा क्रमांक इतकी माहिती एका पानावर छापलेली असते. पुनर्विवाहेच्छूंचा विभाग वेगळा असतो. ही पुस्तिका सुरू करणाऱ्या मंडळींनी ती योग्यच केली. त्या काळी तिच्या प्रती ज्ञातीबाहेर जात नसत, आणि ज्याच्या हाती ती पडे त्यास कोणी ना कोणी ओळखत असे. आज तिची पाने व्हॉट्सॲपवरून तासाभरात कोठेही पोहोचतात. ज्यास आपल्यापैकी एक म्हणून मिरवावयाचे आहे, त्यास याहून उत्तम पाठ्यपुस्तक कोणते? आडनाव कोणते घ्यावे, कोणत्या कुलदैवताचे नाव सांगावे, कोणत्या गावचा म्हणवून घ्यावे, कोणत्या घरी एकटी कमावती मुलगी आहे, कोणती भगिनी नुकतीच विधवा झाली आहे, हे सारे तो घरबसल्या वाचतो. आणि मग आपल्या भगिनीस फोन येतो तो आपल्याच बोलीत, आपल्याच देवाचे नाव घेऊन. 'आपल्यातलाच आहे' या शब्दांवर जी चौकशी पूर्वी सुरू होत असे ती आता तेथेच संपते, हे आम्ही समितीच्या टेबलाशी बसून प्रत्यक्ष पाहिले आहे.

जन्मतारीख, पूर्ण नाव आणि भ्रमणध्वनी क्रमांक एकत्र मिळाल्यावर बँकेच्या नावाने फोन करणाऱ्यासही ते सोयीचे पडते, हा आणखी एक धोका. आणि पुस्तिकेतील एखाद्या मुलीचे छायाचित्र उचलून तिच्या नावाने कोणी खोटे खाते उघडले, तर तिची परवानगी कोणी विचारली होती? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला आहे. परंतु कायद्याच्या भयाने नव्हे, तर मुलांनी आपल्यावर सोपविलेली वस्तू म्हणून ही माहिती आपण सांभाळावयास हवी.

म्हणून समितीने सर्वसाधारण सभेपुढे काही बदल ठेवले आहेत. पुस्तिकेत यापुढे पत्ता आणि दूरध्वनी छापू नयेत. नोंदणी क्रमांक छापावा, आणि संपर्क कार्यालयामार्फत व्हावा. विचारणा करणाऱ्याची ओळख आणि त्याच्या माहितीतल्या दोन कुटुंबांची नावे कार्यालयाने आधी घ्यावीत, त्या कुटुंबांस प्रत्यक्ष फोन करावा, आणि मगच पुढचा क्रमांक द्यावा. अर्जावर उमेदवाराची स्वतःची सही असावी. आईवडिलांची पुरणार नाही. घटस्फोटाचा निवाडा किंवा जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला कार्यालयाने पाहावा, पण तो छापू नये वा कोणास पाठवू नये. यामुळे काम वाढेल, विलंब होईल, आणि काही मंडळी रागावून खासगी संकेतस्थळांकडे जातील. जावोत. त्यांच्यासाठीही कार्यालयाचे दार बंद नाही; तेथे भेटलेल्या स्थळाचे गाव आणि नोकरी पडताळून हवी असेल, तर त्या त्या शहरातील आपले सभासद ते काम विनामूल्य करतील. पुणे, ठाणे, नाशिक, इंदूर, बडोदे, बंगळूर आणि परदेशातील काही सभासदांनी अशी तयारी दाखविली आहे. पूर्वीची चार घरची साक्ष आपण नव्या रीतीने उभी करू शकतो, आणि ज्ञातिसंस्थेस आजच्या काळात एखादे खरोखर उपयुक्त काम उरले असेल तर ते हेच, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्थळ ज्ञातीतील असो वा नसो, पडताळणी सर्वांसाठी करावी, हेही त्या ठरावात आहे. त्यावर वाद होईल हे आम्ही जाणून आहोत.

शेवटी, ज्यांच्या घरी हे घडून गेले आहे त्यांच्यासाठी थोडेसे. मोनिका व्हिटी या संशोधिकेने अशा फसलेल्या माणसांशी बोलून लिहिले आहे की, त्यांस दुहेरी तडाखा बसतो: एक पैसा गेल्याचा आणि दुसरा नाते गेल्याचा. त्यांतला दुसरा पुष्कळांस अधिक जड जातो. कोणी वारले तर आपण भेटावयास जातो, दहा दिवस त्या घरी डबा पाठवितो. येथे मेलेला मनुष्य कधी नव्हताच, त्यामुळे रडावयासही परवानगी नाही. वर घरातले टोमणे. तिला हे कळले कसे नाही, एवढी शिकलेली असून, असे आपण म्हणतो. शिक्षणाचा या गोष्टीशी फारसा संबंध नाही. फसलेल्यांत डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, बँकेतले अधिकारी आहेत. टोमण्यांचा परिणाम एवढाच होतो की, पुढची मुलगी सांगत नाही, आणि न सांगण्यात पैसा परत मिळण्याची वेळ निघून जाते.

ती वेळ थोडी असते. पैसे गेल्याचे ध्यानात येताच १९३० या क्रमांकावर फोन करावा, किंवा केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार नोंदवावी. रक्कम ठकाच्या खात्यांतून पुढे सरकण्यापूर्वी तक्रार पोहोचली तर बँका ती अडवू शकतात. दिवस उलटल्यावर आशा फार कमी उरते. संदेश, छायाचित्रे, खाते क्रमांक, यूपीआयच्या पावत्या काही पुसू नये. लाजेने पहिली गोष्ट घडते ती पुसण्याची, आणि पुराव्यासह सारे जाते. छायाचित्रांच्या धमकीने पैसे मागितले जात असतील तर एक रुपयाही देऊ नये आणि लगेच पोलिसांत जावे. एकदा दिलेल्याकडे मागणी पुन्हा येते.

पोलीस चौकीत एकटे जाण्याचे धैर्य होत नसेल, तर समितीतील दोन भगिनींनी सोबत जाण्याचे पत्करले आहे. त्यांपैकी एक निवृत्त शिक्षिका आहेत, दुसऱ्या वकील आहेत. त्यांची नावे आम्ही येथे मुद्दाम सांगत नाही, कार्यालयात विचारावे. दर शनिवारी सायंकाळी पाच ते सात या वेळात त्या तेथे बसतात. त्या खोलीस स्वतंत्र दार आहे, आणि मागच्या जिन्याने वर येता येते.